स्वल्पविरामाची जागा

परवा रात्री भाचीचा फोन आला. तिची नवी नोकरी, पहिलाच महिना, आणि साहेबांनी दिलेला पहिलाच तक्ता. "मामा, एक्सेलमध्ये स्वल्पविराम लाखावर कसा आणायचा रे? माझ्याकडे सगळं मिलियनमध्ये दिसतंय!"

उत्तर दोन वाक्यांचं आहे, ते दिलं. एक्सेलमध्ये शोधू नकोस, विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जा. तिथे रीजन, मग ॲडिशनल सेटिंग्ज, आणि त्यात 'डिजिट ग्रुपिंग' नावाची ओळ. तिथे तीन नमुने दिसतात: एकात नुसते आकडे, दुसऱ्यात तीन-तीनचे गट, तिसऱ्यात १२,३४,५६,७८९. तिसरा निवड. झालं.

"एवढंच?" म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंच. पण हेच 'एवढंच' मला २००६ साली माहीत नव्हतं, आणि त्यापायी आमच्या घरात जे झालं ते तिला कुणी सांगितलेलं नाही. ती तेव्हा चौथीत होती. म्हणून हा लेख. नात्यातली मंडळी हे वाचतील तेव्हा त्यांना काही गोष्टी नव्याने कळतील. कळू देत. आता बरीच वर्षं झाली.

तर झालं असं. २००६ च्या उन्हाळ्यात आजी गेली. वाड्यातला हिस्सा विकून आलेले पैसे, आजोबांच्या जुन्या ठेवी, पोस्टातली बचत, सगळं तिच्या नावावर होतं आणि एकूण किती हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वारस तिघं : बाबा, काका आणि आत्या. ठेवींवर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव, म्हणून पैसे त्यांच्या खात्यात जमा होणार आणि मग तीन सारखे वाटे. हिशेबाचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं. 'तू काँप्युटरवाला' हे कारण.

मी ऑफिसच्या लॅपटॉपवर झकास तक्ता केला. रंगीत मथळे, चौकटी, खाली आपोआप होणारी बेरीज. लॅपटॉप आला तसाच, म्हणजे अमेरिकन इंग्रजीच्या सेटिंगवर होता. त्या काळी पुण्यातल्या बहुतेक ऑफिसांत तसाच असायचा आणि कुणी तो बदलायच्या भानगडीत पडत नसे. एकूण रक्कम सदतीस लाख पस्तीस हजार. प्रत्येकाच्या नावापुढे छापून आलं : १,२४५,०००.

त्याची एक प्रत आणि संमतीपत्र घेऊन बाबा सांगलीला काकांकडे गेले. काकांनी चष्मा लावला, आपल्या नावापुढचा आकडा पाहिला, क्षणभर थांबले, आणि सही केली. "ठीक आहे" एवढंच म्हणाले.

इथे काकांची ओळख करून द्यायला हवी. काका हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळी तोंडपाठ. लांबलचक रकान्याची बेरीज ते बोट वरून खाली फिरवत करायचे आणि बोट तळाला टेकलं की उत्तर तयार असायचं. असा माणूस आकडे मोजत नाही हो. तो स्वल्पविराम पाहतो. उजवीकडून पहिला हजाराचा, दुसरा लाखाचा. दुसऱ्याच्या डावीकडे जे असेल तेवढे लाख.

दुसऱ्याच्या डावीकडे होता एक.

काकांनी वाचलं : एक लाख चोवीस हजार पाचशे. नवख्या माणसाने शून्यं मोजली असती आणि तो वाचला असता. जाणकार होते म्हणूनच फसले.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी इतकंच जाणवलं की काकांचा दर रविवारचा फोन बंद झालाय. दोन महिने. आम्हाला वाटलं, आईच्या जाण्याचं दुःख.

आता थोडा इतिहास. (कंटाळा आला तर शेवटच्या भागावर उडी मारा, मी रागावणार नाही.)

स्वल्पविराम नेमका लाखावरच का येतो? उत्तर भाषेत आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' इ.स. ११५० ची. तिच्यात स्थानांची अठरा नावं दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत प्रत्येक घराला स्वतःचं नाव! (चाळीसगावजवळच्या पाटण गावात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची त्यात नोंद आहे. पाटणादेवीला गेलात तर नुसतं दर्शन घेऊन परतू नका.)

पण ग्रंथातली अठरा नावं बाजारात टिकली नाहीत. अयुत गेलं, त्याच्या जागी 'दहा हजार' आलं. प्रयुत गेलं, 'दहा लाख' आलं. सहस्र पोथीत राहिलं आणि तोंडात फारसीतून आलेला 'हजार' बसला. उरलं काय? हजार, लाख, कोटी, अब्ज. शून्यं मोजा : तीन, पाच, सात, नऊ. पहिला टप्पा तीन घरांचा, पुढचे सगळे दोन-दोन घरांचे. स्वल्पविराम बरोबर तिथेच पडतो जिथे तोंडात नवं नाव येतं.

आणि दोन घरंच का सोयीची, याचंही कारण मला आपल्या भाषेतच दिसतं. मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे. पंचेचाळीस, एकोणसत्तर, त्र्याऐंशी... लहानपणी पाठ करताना जीव जातो, पण एकदा झाले की दोन घरं म्हणजे एक शब्द. १२,४५,००० : बारा लाख, पंचेचाळीस हजार. स्वल्पविरामांच्या मधला प्रत्येक तुकडा एका शब्दात सांगून मोकळे.

इंग्रजीचंही तत्त्व हेच, फक्त नावं वेगळ्या अंतरावर. थाउजंडनंतर थेट मिलियन. मिलियन हा मुळात इटालियन शब्द, त्याचा अर्थ 'मोठा हजार'. हजार हजार म्हणजे मोठा हजार, म्हणून तीन-तीन घरं. त्यांची वाणी तशी, त्यांचा स्वल्पविराम तसा. बिचाऱ्या जपान्यांचं पाहा. त्यांच्या बोलण्यात नवं नाव दर चार घरांनी येतं, दहा हजाराला 'मान' हा वेगळा शब्द, पण हिशेबाच्या कागदावर स्वल्पविराम तीन-तीनवर. डोळा एक सांगतो, तोंड दुसरं. त्यांनी ते पत्करलं. आपण पत्करलं नाही, आणि मला वाटतं बरं केलं.

स्वल्पविराम आणि टिंब यांचं भांडणही असंच जुनं आहे. दशांश टिंब कुणी आणलं? बरीच वर्षं १५९३ साली क्लाव्हियस या गणितज्ञाने छापलेल्या कोष्टकाकडे बोट दाखवलं जायचं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते जवळजवळ दीडशे वर्षं मागे नेलं : व्हेनिसच्या बाजूला राहणाऱ्या आणि आधी व्यापारी असलेल्या जोव्हान्नी बियांकिनी या ज्योतिर्विदाने १४४० च्या दशकात आपल्या कोष्टकांत टिंब वापरलेलं सापडलं. सिमॉन स्टेव्हिनने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर छोटं पुस्तक काढून युरोपला ते शिकवले खरे, पण त्याच्याकडे टिंब नव्हतं, प्रत्येक आकड्याशेजारी वर्तुळातला क्रमांक होता. पुढे लायब्निट्झने १६९८ च्या एका पत्रात गुणाकाराच्या फुलीबद्दल कुरकुर केली, ती एक्स अक्षरासारखी दिसते म्हणून, आणि गुणाकाराला टिंब वापरलं. युरोपात टिंब असं गुणाकाराच्या कामाला लागलं आणि दशांशाला स्वल्पविराम रुळला. इंग्लंडात फुली राहिली आणि दशांशाला टिंब.

परिणाम आजही पाहता येतो. जर्मनीत १.२४५ म्हणजे बाराशे पंचेचाळीस. आपल्याकडे तेच एक आणि वर थोडंसं. तिकडच्या एक्सेलमध्ये सूत्राच्या आत स्वल्पविराम चालत नाही, कारण तो दशांशाच्या कामात अडकलेला. म्हणून अर्धविराम द्यावा लागतो.

मग जागतिक नियम काय सांगतो? वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये ठरवलं : दशांशाला टिंब किंवा स्वल्पविराम, काहीही चालेल. मोठ्या आकड्यांचे तीन-तीनचे गट करता येतील, पण मध्ये फक्त मोकळी जागा सोडायची, टिंबही नको, स्वल्पविरामही नको. म्हणजे अमेरिकेचा मिलियन आणि आपला लाख, दोघेही त्या पंक्तीत बसायला नालायक! हे वाचून मला उगाचच समाधान वाटलं होतं.

आता काँप्युटर. 'व्हिजीकॅल्क' १९७९ चं, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं. मग १९८३ मध्ये लोटस, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आणि १९८७ मध्ये विंडोजवर. सगळं अमेरिकेत जन्मलेलं, त्यामुळे तीनची सवय जन्मजात. पण सगळे दोष त्यांच्या माथी मारता येत नाहीत. सी भाषेचं १९८९ चं प्रमाण उघडून पाहिलं तर त्यात आकड्यांचे गट किती-कितीचे करायचे याची एक यादीच देता येते, आणि शेवटचा आकडा पुढे तसाच चालू राहतो. म्हणजे 'आधी तीन, मग दोन, दोन, दोन' हे सांगायची सोय तेव्हापासून आहे. विंडोजमध्ये आपल्याकडच्या भाषांसाठी हीच खूण '३;२;०' अशी लिहितात. शेवटचं शून्य म्हणजे 'असंच पुढे'. जावाच्या मूळ वर्गात मात्र दुसऱ्या गटाला जागाच ठेवलेली नाही. कितीही स्वल्पविराम लिहा, तो फक्त शेवटचा पाहतो. एकाने दार ठेवलं, दुसऱ्याने भिंत बांधली.

कंट्रोल पॅनेल माहीत नसलेले आमच्यासारखे लोक त्या काळात एक्सेलमध्ये जुगाड करायचे. नमुना स्वतःच लिहायचा : आकडा कोटीच्या वर असेल तर असा दाखव, लाखाच्या वर असेल तर तसा, नाहीतर नेहमीसारखा. पण एक्सेल एका नमुन्यात दोनच अटी ऐकून घेतो. उणे रकमा तिसऱ्या, 'नाहीतर'वाल्या कप्प्यात पडतात. म्हणजे येणं असेल तर लाखात आणि देणं असेल तर मिलियनमध्ये :) कर्ज नेहमी परदेशी दिसायचं.

आणि या सगळ्यात मला सर्वात उशिरा कळलेली गोष्ट ही. एक्सेलच्या खान्यात स्वल्पविराम नसतोच. आत नुसती संख्या असते. स्वल्पविराम तिच्या अंगावर चढवला जातो तो बघणाऱ्याच्या यंत्रात. साधा नमुना असेल तर मी पुण्यात लाखात पाहिलेला तक्ता दुसऱ्याच्या सेटिंगवर मिलियनमध्ये उघडतो, आणि तो तिकडे मिलियनमध्ये पाहतो म्हणून माझं काही बिघडत नाही. ही मोठी शहाणपणाची व्यवस्था आहे. प्रत्येकाला आपापल्या वाणीत वाचू देते. पण कागदावर छापलं की ती संपते. कागद छापणाऱ्याच्या वाणीत गोठतो. मी काकांना संख्या पाठवलीच नव्हती. मी त्यांना माझ्या लॅपटॉपचा उच्चार पाठवला होता.

काकांनी आयुष्यात आकड्यांचे कपडे बदललेले पाहिले नव्हते असं नाही. ते नोकरीला लागले तेव्हा रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै होते. कीर्दीत पाव रुपयाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाउणला तीन. (या खुणा २००९ साली युनिकोडमध्ये आल्या. काकांना दाखवल्या तेव्हा म्हणाले, "बावन्न वर्षं उशीर केलात.") मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस. दुकानात रोज वाद. पण तो बदल सांगून-सवरून झाला होता. १९५५ मध्ये कायदा, दोन वर्षांनी अंमल, आणि जुनी-नवी नाणी काही वर्षं बरोबरच चालली. माझ्या तक्त्याने काकांचा लाख हलवला तेव्हा कोष्टक कुणीच दिलं नव्हतं.

आकड्यांच्या रूपावर माणसं किती जीव टाकतात हे पाहायचं असेल तर घटना समितीतली सप्टेंबर १९४९ ची चर्चा वाचावी. राजभाषेच्या वादात सर्वात तापलेला प्रश्न भाषेचा नव्हे, अंकांचा होता. शेवटी कलम ३४३ मध्ये 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' अशी शब्दयोजना झाली. मूळ आपलं, वेश जगाचा. आणि तोच वाद काँप्युटरवाल्यांनी पुन्हा गुपचूप निकालात काढला आहे. भाषांच्या सवयींचा जो सामाईक साठा बहुतेक फोन आणि संगणक वापरतात, त्यात हिंदीसाठी मूळ निवड इंग्रजी वळणाचे अंक अशी आहे आणि मराठीसाठी देवनागरी. लिपी एक, निवड दोन. फोनची भाषा मराठी केलीत की तारखा १, २, ३ मध्ये दिसतात त्या यामुळे.

असो. आता काकांकडे.

ठेवी मोडून पैसे जमा झाले आणि बाबांनी चेक पाठवला. चेकवर बाबांनी अक्षरात लिहिलं होतं, मराठीत : बारा लाख पंचेचाळीस हजार फक्त. त्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकांचा आवाज कापत होता. "अरे, दादाने चेक चुकीचा लिहिलाय. परत पाठवतो. साडेबाराला पाच कमी असं लिहिलंय!"

मी म्हटलं, "काका, बरोबर आहे की. तेवढेच आहेत."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "मला एक लाख चोवीस वाटले रे."

काकूंनी नंतर सांगितलं. सही केल्यावर घरी त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "आईच्या दवाखान्यात गेले असतील. दादाने केलं ते बरोबरच केलं असेल." वरच्या बेरजा त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. आईच्या पैशांच्या बेरजा काय तपासायच्या? पण चुलत बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि वाट्यावर जे ठरवलं होतं ते आता जमणार नव्हतं, म्हणून ते पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढून बसले होते. आणि रविवारचा फोन केला नाही, कारण आवाजात काहीतरी कळलं असतं तर दादाला वाईट वाटलं असतं.

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने एकच कागद तपासला नाही. भावाचा.

कर्जाचं व्याज मी भरतो म्हटलं तर रागावले. "चूक तुझी नाही, स्वल्पविरामाची आहे." ती माझीच होती. दोन मिनिटांची सेटिंग होती.

पुढे कधीतरी मी त्यांना एक कायदा वाचून दाखवला. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, कलम १८. रक्कम आकड्यात एक आणि अक्षरात दुसरी असेल तर अक्षरातली खरी मानायची. काका हसले. म्हणाले, "मग? आकडा हा नुसता खुणेला असतो. रक्कम तोंडात असते."

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यानंतर घरातला कुठलाही तक्ता मी छापला की प्रत्येक रकमेशेजारी एक जादा रकाना असतो : अक्षरी. ऑफिसमधले हसायचे. एक्सेलला मराठीत रक्कम लिहिता येत नाही, म्हणून तो रकाना हाताने भरावा लागतो. लागू दे.

भाचीला सेटिंग सांगितली आहे. हा रकाना सांगायचा राहिला होता.